पांढरं आयोडीन

आंतोफागास्तात त्याला पांढरं आयोडीन म्हणतात.
पांढरं नसतं ते.
बाटलीत नुसतं पाणी दिसतं,
झाकण काढलं की मात्र नाकात झिणझिण्या.

माझ्या दुकानात तीन खुर्च्या, एक पंखा,
आणि शनिवारी बंदरावरच्या बायका
नखं पुढे करून बसलेल्या.
मासळी सोलून सोलून चिरफळलेली नखं.
मी ब्रश बुडवते, मुळाशी फिरवते.
"डाग पडणार नाही ना?"
नाही पडत. त्याचेच तर पैसे देता.

दोन्या एदुविहेस भांगातही लावून घेते,
विरळ होत चाललेल्या जागी.
मी म्हणते, केस येतीलच असं नाही.
ती म्हणते, तू लाव गं.
मी लावते.

बापाच्या हाताला डाग होता.
वाळवंटातल्या कारखान्यात नोल्बेर्तो सालास, रात्रपाळी.
दगड फोडायचे, भिजवायचे, आटवायचे,
शेवटी काळ्या, चमकत्या कपच्या उरायच्या.
झाकण उघडं राहिलं तर
जांभळा धूर उठायचा,
म्हणायचा, इतका देखणा की जवळ जावंसं वाटे,
आणि जवळ गेलं की डोळे जाळणारा.
घरी यायचा तेव्हा
पावावर, उशीवर, माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर
त्याची बोटं तपकिरी उमटायची;
खळ घातलेल्या कॉलरवर चक्क निळी.
आई अर्धं लिंबू चोळायची.
डाग बघता बघता नाहीसा.
तिला काय ठाऊक, ती रोज मोरीत बसून
पांढरं आयोडीनच करत होती.

आई पर्वताच्या पलीकडची, बोलिव्हियाची.
तिची थोरली बहीण कासिमिरा
एकदाच खाली आली, मिठाच्या ट्रकवर बसून.
कडक उन्हात गळ्याभोवती लोकरीची शाल.
जेवताना शाल सरकली.
सीताफळाएवढी गाठ.
कुणी काही बोललं नाही.
तीच म्हणाली, आमच्याकडे सगळ्यांना असते,
लहान असते तेव्हा पोरी तिला मणी म्हणतात.
त्यांच्याकडे मिठाचं अख्खं मैदान,
क्षितिजापर्यंत पांढरं,
पण नुसतंच मीठ.

बापानं तिच्या गळ्याकडे पाहिलं,
मग स्वतःच्या हाताकडे.
जहाजंच्या जहाजं भरून बाहेर जातंय,
आणि हिच्या घशाला कणभर नाही.
त्यानं घास खाली ठेवला.

दुसऱ्या पाळीहून येताना
तपकिरीच्या डबीत चिमूटभर चोरून आणलं.
मिठात कालवतो म्हणाला.
दवाखान्यातल्या नर्सबाई वेलास्को, तोंडाच्या फाटक्या,
डबी हिसकून घेतली:
"मारायचीय का मेव्हणीला?
मोजल्याशिवाय औषध म्हणजे विषच.
आणि गळ्याला काय हवं ते
डॉक्टरला ठरवू दे, तुझ्या फावड्याला नको."
मग स्वतःच्या पैशानं
आयोडीनवाल्या मिठाची दोन पोती.

कासिमिराची गाठ गेली नाही.
जुनी गाठ, तिनं ऐकलं नाही.
ती शालीतच म्हातारी झाली, शालीतच पुरली.
पण तिची नात नाताळाआधी दुकानात आली,
योव्हाना, खाणीच्या कँटीनमध्ये हिशेब लिहिते.
खुर्चीत मान मागे टाकून बसली.
सपाट गळा, हाडाच्या खाचेत बारीक साखळी,
हसली की वर-खाली होणारी.
मला आवंढा आला, तिला कळलं नाही.
बाटली हुंगून शिंकली.
"काय आहे हे?"
"आपल्या घरचंच आहे," म्हटलं,
आणि तिची नखं रंगवली
बिनरंगानं.

बाप गेला त्या तारखेला मी
फडताळातली जुनी बाटली काढते, गडद.
मनगटावर एक थेंब.
पांढऱ्याचं ठीक आहे,
पण ते लावलं की नाही हेही कळत नाही.
लिंबू लावत नाही त्याला.
सकाळपर्यंत जातोच डाग.
कुठे जातो?
नर्सबाई म्हणायच्या, थोडं उडून जातं.
थोडं कातडी पिते.