निदानाचा रकाना

पहिली चार वर्षं मी खोटं लिहिलं.
जठरदाह. अशक्तपणा. कावीळ, संशयित.
मेडिसिनचे सर केसपेपर नाकाशी धरून म्हणायचे,
"बाई, वास येतोय तुमच्या जठरदाहाला."
आणि तरी सही करायचे.

खाट मिळायची, शेवटची, संडासाजवळची.
दारुड्याला एरवी खाट नसते, चौकी असते,
किंवा त्र्यंबकला नेऊन घातलेली माळ,
पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ.
माझ्याकडे थायमिनची सुई होती
आणि एक जुनं वर्तमानपत्र.

"हात पुढे करा. बोटं फाकवा."
निवृत्ती गांगुर्डे, नोटांचा छापखाना, नाशिकरोड.
बोटांवर ठेवलेलं पान
धरलेल्या पाखरासारखं फडफडलं.
"बावीस वर्षं नोटा मोजल्या, मॅडम.
एक कमी नाही, एक जास्त नाही.
मोजता आल्या नाहीत त्या फक्त क्वार्टरी."

तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसल्या.
सिस्टर खैरनार, ज्यांचा नवरा पिऊनच गेला,
पहाटेपर्यंत
त्या नसलेल्या मुंग्या झाडत बसल्या.

सकाळी रकान्यात मी खरं लिहिलं:
मद्यासक्ती.
शाई जरा फुटली.
डीननी बोलावलं. "हा दवाखाना आहे, बाई."
"म्हणूनच," मी म्हणाले.
एवढंच सुचलं. बाकीचं सगळं जिना उतरताना.

वर्षभराने जुन्या एक्स-रे फिल्मांची खोली मिळाली.
गठ्ठे उचलायला गांगुर्डेच,
कुणाकुणाच्या बरगड्या खिडकीशी धरून बघत.
चार खाटा. मग अकरा.
गांगुर्डे सहा वेळा परत आले.
सातव्यांदा आले नाहीत.
का, ते विचारायला मी गेले नाही.
धीर झाला नाही; हेही खरंच लिहिते.

परवा माझा निरोपसमारंभ झाला,
गंगापूर धरणाच्या बाजूला, एका वायनरीत.
कुणाच्या लक्षातच आलं नाही.
मी पाण्याचा ग्लास उचलला,
पाणी जरा हिंदकळलं. वय.
तेवढ्यात वॉर्डातून फोन, नवी रेसिडेंट:
सातपूरचा मुलगा, चोवीस वर्षांचा, थरथरतोय,
आपल्याकडे खाट नाही,
मेडिसिनला पाठवताना काय लिहू, मॅडम?
जठरदाह?

बाहेर छाटलेल्या वेली, ओळीने, तारेला बांधलेल्या.
"पेन चालतंय ना तुझं?" मी विचारलं.
"आणि ऐक, ग्लुकोज लावायची घाई नको.
आधी थायमिन.
आधी थायमिन, मग बाकीचं."