चिखलाची रेघ

विहाराची किल्ली द्रौपदीकाकूंच्या कमरेला
आणि काकू खाजणात, कालवं फोडायला.
म्हणून पायरीवर बसून राहिले तासभर,
मांडीवर पंख्याचा खोका.
जांभ्याच्या भिंतीला नवा चुना,
कठड्यावर वाळत घातलेली आमसुलं,
निळ्या झेंड्याची सावली त्यांच्यावरून
जाते, येते.

काकू आल्या. कोयती खाली ठेवली,
हात धुतले, पाय धुतले, मग कुलूप.
"रावजीची ना तू? चालतेस तशीच."

आत तो.
सिमेंटचा, सोनेरी रंग दिलेला, बसलेला माझ्या कमरेएवढा.
एक कान दुसऱ्यापेक्षा जरा लांब.
घडवणाऱ्याला ओठ नीट जमले नसावेत,
हसतोय की बोलता बोलता थांबलाय, कळत नाही.
डोकं टेकलं तेव्हा दिसली
कमळाच्या पाकळ्यांवरून गेलेली
राखाडी, वेडीवाकडी रेघ.
"काकू, इथे रंग द्यायचा राहिला."
"राहिला नाय. ठेवलाव."

मग दारात बसून कालवं निवडता निवडता सांगितलं.
एकाहत्तर साल. मुंबईहून आगबोटीने दाभोळ.
गोधडीत गुंडाळलेला, वर चिठ्ठी: काच आहे,
म्हणजे हमाल जपतील.
पुढे हसनमिया परकारांची होडी.
भाडं घेतलं त्यांनी अर्धंच,
म्हणाले, बोलत नाय, हलत नाय,
असा उतारू मिळतो कुठं?

आणि ओहोटीने दगा दिला.
काठ हाकेवर, होडी रुतली,
एका अंगाला कलंडायला लागली.
चौघे उतरले कमरेएवढ्या चिखलात,
विठू सकपाळ, दोघे मर्चंडे भाऊ
आणि तुझा बापूस.
खांदे लावून उभे, भरती येईपर्यंत.
काठावर बाया कंदील धरून, कोणी कोणाशी बोलेना.
हसनमियांनी एकच विडी पेटवली
आणि आळीपाळीने चौघांच्या ओठांना लावली,
हात कोणाचेच मोकळे नव्हते.

"पाणी चढलं, होडी उठली.
पण बूड भिजलं त्याचं.
दर वैशाखीला रंग काढताव, तेवढी रेघ सोडून.
कोण पुसाया गेला का विठू भांडायचा."

सुरीचं टोक शिंपल्यात घालून
त्या थोडा वेळ थांबल्या.
"तुझ्या बापसाचा पाय फाटला त्या रात्री.
कालवानं. डावा.
टाचेपासून पार बोटांपर्यंत."

तो व्रण मला पाठ आहे.
शेवटच्या महिन्यात रोज तेल लावलं त्याला.
विचारलं की म्हणायचे, गिरणीत लागलं.
कधी म्हणायचे, लहानपणी.
एकदा म्हणाले, राहिलेलं अर्धं भाडं,
आणि मला वाटलं, ताप चढलाय.

संध्याकाळी वायरमनच्या पोराने पंखा बसवला.
तीन पात्यांवर लाल अक्षरांत, पाती पुरवून पुरवून:
कालकथित रावजी / सोनू गमरे / यांच्या स्मरणार्थ.
बटण दाबलं.
मेणबत्त्या सगळ्या एका दमात विझल्या,
काकू तोंडाला पदर लावून हसल्या,
आमसुलांचा वास आत आला.
नाव काही वाचता येईना.
नुसतं लालसर वर्तुळ,
त्याच्या डोक्यावर गरगरणारं.

तशीच त्रिशरणाला बसलो.
तिसऱ्यांदा बुद्धं सरणं म्हटलं
आणि वीज गेली.

खाडीत भरती लागल्याचा आवाज.
दारातून येणारा उरलासुरला उजेड.
पाती मंदावत गेली.
आधी दिसलं, स्मरणार्थ.
मग सोनू गमरे.
मग रावजी, हळू,
अजून हळू,
माझ्या अगदी वर येऊन
थोडं मागे सरून
थांबलं.

काकू म्हणाल्या,
"आता लाव मेणबत्ती."