अँकरला

भरमू अँकरला होता तेव्हा
उद्यमबागेत माझं लेथ बंद होतं.
चकमध्ये अर्धा कापलेला शाफ्ट तसाच राहिला,
त्यावर चैत्रातच तांबूस साय धरली.

नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. सतरा झाले.
जहाजाला झेंडा पनामाचा, मालक ग्रीसचा,
कप्तान ओडेसाचा, पोटात ब्राझीलचं सोयाबीन
आणि इंजिनाला तेल घालणारा बेळगुंदीचा.
'मग तुम्ही नेमके कुणाचे गा?'
फोनमध्ये खरखर झाली, मग हसू आलं :
'आपला उतारा कुठल्या भाषेत येतोय
ते बघ की आधी.'

आईनं समुद्र पाहिलेला नाही.
तिला कणकुंबी ठाऊक. माउलीच्या देवळापाशी
मलप्रभा निघते ती उगवतीला,
आणि दोन डोंगर ओलांडले की
तेच पाणी गोव्याकडं घसरतं.
'ह्यातलं कुठलं जातंय त्याच्याकडं?'
मावळतीचं, मी म्हणालो.
पुढं जहाज कोलंबोवरून वर सरकलं,
मग म्हणालो, आता उगवतीचं.
तेव्हापासून ती सांजेला
दोन्हीकडं तोंड करून हात जोडायची,
चुकायला नको म्हणून.

बंदरं दिसायची म्हणे. रात्री दिवे,
क्रेनच्या माना, एखादी अजानही.
चितगावनं सांगितलं : माल उतरवा,
माणसं नकोत.
सोयाबीन किनाऱ्याला लागलं.
दाण्यांचा ताप कुणी मोजला नाही.

मार्चात सुटला.
विमान, मग मुंबईहून टॅक्सी, मग कोगनोळी.
रिपोर्ट बहात्तर तासांचा चालत होता,
त्याचा पंच्याहत्तर झालेला.
'नम्म ऊरु बेळगुंदी री,' तो म्हणाला.
'गोत्तु री,' पोलीस म्हणाला, मास्क सारखा करत,
आणि बांबू काही उचलला नाही.

मी अलीकडं, तो पलीकडं, मधे दोन ड्रम.
बांबूखालून डबा सरकवला :
भाकरी, ठेचा, उकडलेली रताळी.
तो उभ्यानंच जेवला, पाय फाकवून,
जणू हायवे कुठल्याही क्षणी कलंडेल.
मागं तंबाखूच्या ट्रकांची रांग,
तिचा उग्र वास त्याच्या रताळ्यावर.

तिथंच रोमेलचं सांगितलं. एकदाच.
आचारी होता. इलोइलोचा.
भात वाढता वाढता खाली बसला तो बसलाच.
हृदय म्हणाले; दुसरंही असेल.
उतरवून घ्यायला एक बंदर तयार होईना.
पुढचं बंदर, पुढचं बंदर.
अठ्ठावन्न दिवस फ्रीझरमध्ये,
कोंबड्यांच्या खोक्यांशेजारी, ताडपत्रीत.
'मग आम्ही डब्यातले मासे खायचो.
दार उघडायची पाळी लावली होती.
माझी बुधवारी यायची.'
बोलता बोलता त्यानं डबा धुतला,
पाण्याच्या बाटलीनं, रस्त्याकडेला,
आणि पुसून परत सरकवला.

दुसऱ्या दिवशी निपाणीत नाकात काडी घातली,
तिसऱ्या दिवशी घरी.

आता बरा आहे. जेवतो.
फ्रिजमधलं पाणी मात्र पोरांकडून मागवतो.
परवा कारखान्यात आला,
चालत्या लेथवर तळहात टेकवला, डोळे मिटले,
'मागचं बेअरिंग बोलतंय तुझं,' म्हणाला.
मला काहीच ऐकू येत नव्हतं.
खोललं तर खरंच, गोळी चिरलेली.

रात्री जेवण झालं की बांधावरून फिरायला जातो.
बावीस पावलं, आणि वळतो.
बावीस, आणि वळतो.
'वाट पुढं राकसकोपपर्यंत हाय की गा,'
मी ओट्यावरून ओरडलो.

'ठाऊक हाय,' म्हणाला.
आणि वळला.