न हललेले चार बिंदू

एक इंचाला एक मैल. कापडावर चिकटवलेला नकाशा,
घडीच्या रेघेवर नेमकी तापी फाटलेली.
चोपड्याच्या कचेरीतून तो मी स्कॅन करून आणला
आणि उपग्रहाच्या चित्राखाली अंथरला,
गादीखाली वर्तमानपत्र घालतात तसा.

बसेना.
एकशेतीस वर्षांपूर्वीचा काठ आजच्या काठावर ठेवायचा
तर आधी चार बिंदू लागतात
जे मधल्या काळात हललेले नाहीत.
एवढंच मागणं. चार.

पहिला सोपा : दर्ग्याचा ईशान्य कोपरा.
दुसरी विहीर, केळीत बुडालेली,
आत शिरून कठड्याला हात लागेपर्यंत दिसत नाही.
तिसरा म्हणून घाट धरला, तर कळलं
एका पुरानंतर तो वीस हात मागे बांधलाय.
खोडला. शिवेचा दगड घेतला;
तो सरकवल्याचं निदान कुणी कबूल तरी करत नव्हतं.

चौथ्यासाठी तीन दिवस गेले.
मग धुडकू भोई आले. लॅपटॉपकडे पाहिलंच नाही,
पाण्याकडे बोट केलं :
"तढे खडक शे. म्हातारी म्हंतस तिले.
मे महिनामा डोकं काढस."

तीस मीटरच्या चौकोनात म्हातारी कुठली दिसायला!
जुन्या नकाशाला भिंग लावलं.
पात्राच्या मधोमध मी जिला माशीची घाण समजत होते
ती फुली होती. शाईची. कुणीतरी नावेतून येऊन केलेली.

मे महिन्यात आम्ही तिच्यावर उभे राहिलो,
जीपीएस हातात, शेवाळावर पाय घसरत.
तेव्हाची मधोमधची म्हातारी
आता दक्षिणेच्या वाळूला टेकली आहे.
म्हणजे नदी दोनशे दहा मीटर उत्तरेला,
बावीस गट पाण्यात.
"कुठे चाललीय ही?" मी म्हटलं.
"जास नई," धुडकू म्हणाले, "हिंडस."

तिने सोडलेल्या वाळूत त्यांची सून टरबुजं लावते.
सातबाऱ्यावर तिथे अजून पाणीच आहे.
अहवालात मी चुकीचा रकाना भरला : अकरा मीटर, कमीजास्त.
ती खांद्यावरून डोकावली.
"आमचा वेल दिसतो का यात?"
दिसतो, म्हटलं. हिरवं यात लाल दिसतं.
ती चित्राकडे बघत राहिली,
मग म्हणाली,
"न कापताच?"