टॉवेलच्या चिंध्या

धोट्याच्या तोंडाला वास येतो, हे आधी
शेजारच्या सत्तय्यानं सांगितलं.
आम्ही म्हणालो, कुत्र्याच्या तोंडाला
काय अत्तराचा वास येणार?

मग त्यानं कडक भाकरी सोडली.
जन्मभर कुडुमकुडुम खाल्लेली भाकरी
उंबऱ्याशी ठेवून नुसता बघत बसला
पगार कापल्यासारखा.

विडी घरकुलातून कुत्र्याला रिक्षा मिळेना.
तिसरा तयार झाला, वीस रुपये जास्त,
आणि अम्माच्या मांडीवर पोतं.

बिराजदार डॉक्टरीणबाईंनी ओठ वर केला.
दाढांवर पिवळा थर, दगड झालेला,
एकीला उभी चीर.
"हाडं देता?"
"रविवारी."
"नका देऊ."

भूल उतरेपर्यंत ती दाढ माझ्या तळहातावर होती,
तीन मुळांची,
शेंगेच्या टरफलाएवढी.

बाई म्हणाल्या, रोज घासा,
मऊ कापड बोटाला गुंडाळून.
आपली पेस्ट नको. त्याला चूळ भरता येत नाही,
सगळं पोटातच जातं.

सोलापुरात मऊ कापडाला काय तोटा!
कारखान्यातून कडांच्या चिंध्या आणल्या,
निर्यातीच्या मालाच्या, पांढऱ्याशुभ्र.
पहिल्या रात्री त्यानं चिंधी गिळायला बघितली,
दुसऱ्या रात्री माझं बोट.

तिसऱ्या रात्री अम्मानं सूप बाजूला सारलं.
साबणानं हात धुतले, तीनदा,
तंबाखू जायला नको त्याच्या पोटात म्हणून.
रोज हजार विड्या वळून
गुळगुळीत झालेलं ते बोट
हिरडीच्या कडेकडेनं फिरवलं,
भिजलेलं पान वळावं तसं, फाटू न देता,
तेलुगूत काहीतरी पुटपुटत.
पत्रा अजून तापलेला. पंखा गरम हवा ढकलत होता.
धोट्या डोळे मिटून उभा.

तेव्हा कधीतरी माझ्या लक्षात आलं:
अम्मा भाकरी आमटीत बुडवून ठेवते,
कितीतरी वर्षं,
आणि चावते फक्त डावीकडनं.

"तुझीपण दाढ दाखवू या."
"मी काय कुत्रं आहे?"
हसली, पदर तोंडावर धरून.
सकाळी ओट्यावर बसून
मिश्री लावली नेहमीसारखी, थुंकली,
विषय संपला.

काल दोरीवर चिंध्या वाळत होत्या.
धोट्याच्या चार, धुऊन पांढऱ्या.
कडेला, खांबाआड, पाचवी.
तिचा तपकिरी डाग
काही केल्या गेलेला नव्हता.