चार बोटं

ये, याल्मारी, आत घे. दार पूर्ण वर आहे.
अजूनही उंबऱ्यावर तिरकी घेतोस,
आधी उजवं चाक, मग डावं,
तळ्याचं पाणी पायाने चाचपून बघावं तशी.

तीन वर्षांपूर्वी याच लिफ्टवर
मीच बसवल्या होत्या त्या आखूड स्प्रिंगा.
तू पुन्हापुन्हा वाकून बघत होतास:
चाक आणि पत्रा यांच्यात करंगळीही जाईना.
तेव्हा तुला स्वर्ग दोन बोटं उरला होता
आणि गाडीला जमीन.

लिफ्ट वर जाते. मी खालून टॉर्च मारते.
सगळं लिहिलेलं आहे पोटावर.
हा लांब ओरखडा रेल्वे फाटकाचा.
हा पोचा तुझ्या मेव्हण्याच्या अंगणातला दगड.
सायलेन्सरची ही उसवलेली शिवण मात्र
कुठली ते तू सांगत नाहीस,
फक्त कान लाल होतात.

कुह्मोच्या रस्त्यांवर सहा महिने मीठ पडतं.
हे बोल्ट खाल्ल्या मिठाला जागणारे,
तेल पाजलं, ज्योत दाखवली, शिव्याही दिल्या,
तिसऱ्याने शेवटी मान टाकली,
चौथा तुटलाच.

मूळच्या स्प्रिंगा तू पोत्यातून आणल्यास,
बहिणीच्या बटाट्याच्या तळघरातून.
एकीवर तिने जिरेनियमची कुंडी ठेवली होती,
मातीचं वर्तुळ अजून आहे. राहू दे.
आता मागे हो.
कॉम्प्रेसरमध्ये आवळलेली स्प्रिंग कुणाची नसते.
माझ्या वडिलांच्या भुवईत तिची सही होती.

का उंच करतोयस, हे मी विचारलं नव्हतं.
सतराचा पाना हातात देताना तूच म्हणालास,
"पोस्टात लागलोय. एकसष्ट पेट्या.
डांबर फक्त पहिल्या नऊपर्यंत."
मी मान हलवली.
एप्रिलात बर्फ सुटतं
आणि त्या रस्त्यांची आंबील होते,
त्यात नाक घासत जाणाऱ्याकडे
कोण आपली पेन्शनची कागदं सोपवेल?

खाली उतरवली तर तू दोन पावलं मागे सरलास.
"बगळ्यासारखी दिसते."
दिसणारच. शंभरेक किलोमीटर चालव, बसेल जरा.
मग ये, चाकं सरळ करून देते.
तुझी बोटं सवयीने फेंडरखाली गेली,
चारही मावली, वर तळवाही.
हात बाहेर काढायला तुला वेळ लागला.

दिवे लावले तर उजेड थेट बर्चच्या शेंड्यावर.
कंबर उंचावली की नजरही चढते, हे मी विसरलेच होते.
"पत्रं घुबडांना वाटणार आहेस का?"
तू पहिल्यांदा हसलास.
स्क्रू दोन फेरे फिरवला,
मग थोडा अजून,
उजेड हळूहळू रस्त्यावर आला.

आखूड स्प्रिंगा बाकावर राहिल्या.
विकून टाकू का? म्हणालास, "नको. ठेव."
चिंधी बांधून वर खडूने लिहिलं: याल्मारी.
कधीपर्यंत, ते लिहिलं नाही.

इंजिन लागलं. तू आरशात बघितलंस, हात केलास.
उंबरा आता तिच्या पोटापासून कितीतरी खाली.
तरी स्टीअरिंग फिरलंच,
आधी उजवं चाक,
मग, जपून,
डावं.