दोन थाउ

मॉरीनने शेडची किल्ली दिली
ती बिस्किटांच्या बशीत ठेवून.
"सहा वर्षं झाली त्याला जाऊन. एक तर पुरं कर ते इंजिन,
नाहीतर भंगारवाल्याला फोन कर.
मला त्या जागी टोमॅटो लावायचेत."

कीथलीतली उतारावरची गल्ली,
गिरण्या बंद पडून जमाना झाला तरी दगड काळे ते काळेच.
शेडचं दार ओलीने फुगलेलं, खांदा लावावा लागतो.
आत विल्फचा लेथ, पडद्याच्या जुन्या कापडाखाली,
आणि फळीवर तळहाताएवढं वाफेचं इंजिन:
चाक आहे, दांडा आहे, सिलिंडर आहे,
दट्ट्या नाही.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते.
दिवसभर लोकांच्या छातीला पाटी लावून सांगते,
श्वास घ्या. रोखा. सोडा.
लेथची ओळख म्हणाल तर कोल्हापुरात, उद्यमनगरात,
शाळा सुटल्यावर आबाच्या शॉपमध्ये बसून
बिडाची काळी पूड नाकात जाईस्तोवर बघितलेलं,
तेवढीच.

विल्फची वही, शिसपेन्सिलीची.
शेवटच्या पानावर: सिलिंडर दोन थाउ मोठा झाला. चूक माझी.
खाली एक ओळ खोडलेली. मग कोरं.
थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग,
केस उभा चिरलात तर तीन निघतील.
टॉफीच्या डब्यात त्याने केलेले तीन दट्टे,
तिन्ही नकाशाबरहुकूम, चकचकीत,
आणि तिन्ही आत सोडले की खुळखुळतात.
चूक वहीत कबूल केली त्याने,
हाताने केली नाही.

मी पितळेचा तुकडा चकात धरला.
फोन खिडकीत उभा केला, तिकडे आबाचे रात्रीचे बारा.
कॅमेरा त्याला छताचा दाखवत होता,
तो बघतच नव्हता, ऐकत होता.
"टूल खाली हाय तुझं."
कशावरून?
"रडतंय की. मधी बुटकूल ऱ्हातंय का न्हाई, बघ."
तोंड सपाट केलेल्या पितळेच्या मधोमध
राहिलं होतं, तिळाएवढं.
"पत्र्याचं पातं सार खाली."
टॉफीच्या डब्याचं झाकण कातरलं. विल्फ, माफ कर.

पहिला दट्ट्या गरम असतानाच मापला.
बरोबर आला म्हणून खूश होऊन चहा घेतला,
तेवढ्यात तो निवला आणि अर्धा थाउ आत गेला.
डब्यात आता चार.

दुसऱ्याला घाई केली नाही.
एक फिरकी, थांबायचं, हाताने बघायचं कोमट आहे का,
मग परत मायक्रोमीटर.
नकाशा भिंतीकडे तोंड करून ठेवला,
माप घेतलं ते त्याच्या चुकीचं.
पितळेच्या सुया मोज्यांत शिरल्या, घरभर गेल्या,
नवरा न्हाणीघरातून ओरडला, मी ऐकलं नाही.

रविवारी तेलाचा हात देऊन दट्ट्या आत सोडला.
गेला नाही लगेच.
हवेच्या उशीवर टेकून राहिला क्षणभर,
मग सावकाश, आपल्या घरात शिरावा तसा, उतरला.

मॉरीन आली, चप्पल उंबऱ्यापाशीच काढून.
चाळीस वर्षं चहा दारातून आत सरकवलेला तिने,
आत असं पाऊल नव्हतं.
बॉयलर अजून नाही, म्हणून रबराची नळी जोडली
आणि टोक तिच्या हातात दिलं.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मी सवयीने म्हणाले,
श्वास घ्या. रोखा.
सोडा.

चाक हललं. दांडा पुढे, मागे,
कुणी जिना चढावा तसा टक्‌ टक्‌ आवाज,
अडीच फेरे,
आणि थांबलं.
मॉरीन नळी तोंडातच धरून.

खिडकीतून आबा: "तेल कमी पडलंय."
"काय म्हणतात ते?" तिने विचारलं.